‘अधिनियमित’ म्हणजे काय, आजी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संविधान दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात जिल्ह्यातल्या शाळांचे फोटो छापून आले. रांगेत उभी मुलं, समोर फलक, हातात उद्देशिका. त्यात माझ्या नातीच्या शाळेचाही फोटो होता. ती सातवीत आहे. उद्देशिका तिला तोंडपाठ आहे आणि ती कुठंही अडखळत नाही. त्याच संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा तिनं विचारलं, “आजी, अधिनियमित म्हणजे नियमित येणारा का?”

मी तिला सांगितलं, अधिनियम म्हणजे कायदा आणि अधिनियमित करणं म्हणजे एखादी गोष्ट कायदा म्हणून लागू करणं. “मग हे कुणी लागू केलं?” मी म्हटलं, वाक्याची सुरुवात बघ. तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि ‘आम्ही, भारताचे लोक’ इथून ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’ इथपर्यंत बोट फिरवत गेली. पानाच्या शेवटी पोचल्यावर म्हणाली, “हे सगळं एकच वाक्य आहे?” वर्षभर रोज परिपाठात म्हटलेल्या मजकुराला कर्ता आहे, क्रियापद आहे आणि कर्ता ‘आम्ही’ आहे, हे त्या पोरीला त्या दिवशी कळलं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. इथं कर्त्यात आणि क्रियापदात एवढं अंतर पडलं आहे, की म्हणता म्हणता मुलं कर्ता विसरून जातात. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं कुणी दिली नव्हती, एवढंच.

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. या विषयाला आता राज्यशास्त्र म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. फोटो पाहून आनंद झाला, आणि नातीच्या प्रश्नानं झोपही उडाली. म्हणून हे पत्र.

आपल्या पुस्तकांत काही कमी आहे असं नाही. सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासनपद्धती असा क्रम चांगला लावलेला आहे. अडचण वेळापत्रकात आहे. इतिहास आणि राज्यशास्त्र एकाच पुस्तकात असतात. इतिहासाचे धडे संपेपर्यंत जानेवारी उजाडतो, मग गॅदरिंग, सहल, घटक चाचणी. उरलेले तास गणित आणि विज्ञानाचे शिक्षक मागून नेतात. मला स्वतःला एकदा वरून सांगण्यात आलं होतं, “ते शेवटचे धडे वाचून दाखवा आणि संपवा, त्यावर किती गुण आहेत?” तेव्हा मी गप्प बसले. ती चूक होती आणि ती मला आजही टोचते. त्या वर्षीची मुलं आता तिशीची असतील. त्यांच्यातला एकजण मध्यंतरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायत, पंचायत समिती, तहसील असे तीन दिवस हेलपाटे घालून माझ्या दारात आला. दहावीला त्याला समाजशास्त्रात ९१ गुण होते.

वर्गात पहिल्या दिवशी मी नेहमी एकच प्रश्न विचारायचे, सरकार म्हणजे कोण? उत्तरं यायची: तलाठी, पोलीस, ‘साहेब’, टीव्हीवर भांडतात ते. एका मुलीनं ‘फोटोतले’ असं लिहिलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, रस्त्यावर फलकांवर ज्यांचे फोटो असतात ते. आठवीतल्या मुलीला सरकार म्हणजे फोटो वाटत असेल, तर चूक तिची नाही.

मग मी त्यांना एक काम द्यायचे. घरापासून शाळेपर्यंत वाटेत जे जे दिसेल ते वहीत लिहायचं आणि पुढं लिहायचं, हे कुणाच्या अखत्यारीतलं. पोस्टाची पेटी केंद्राची. एसटी राज्याची. नळ ग्रामपंचायतीचा. पोलीस राज्याचे. मोबाइलचा टॉवर कंपनीचा, पण दूरसंचार हा विषय केंद्राचा. रेशनचं दुकान आलं की वाद व्हायचा, कारण धान्य केंद्र खरेदी करतं आणि वाटपाची व्यवस्था राज्य बघतं. मैलाच्या दगडांनी तर मुलांना वेडच लावलं. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा. एवढं सांगितल्यावर मुलं रविवारी सायकली काढून दगड शोधत फिरली. एकानं वहीत लिहिलं होतं, ‘पाऊस – कुणाचाच नाही, पण हवामान खातं केंद्राचं.’ ते बरोबर होतं. हवामान खातं संघ सूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत आहे.

त्या वह्या पुढ्यात ठेवून मी सातवी अनुसूची शिकवायची, म्हणजे केंद्राचे, राज्याचे आणि दोघांचे सामायिक (समवर्ती) विषय वाटून देणाऱ्या घटनेतल्या याद्या. मूळ घटनेत संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते, हे आकडे मग पाठ करावे लागत नाहीत. मुलं स्वतःच विचारतात, “मग शाळा कुठल्या सूचीत?” शाळा आधी राज्य सूचीत होती, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत आलं. सूचीतला विषय इकडचा तिकडे होतो आणि त्यासाठी संसदेला घटनादुरुस्ती करावी लागते, हे त्या एका शाळेच्या उदाहरणावरून कळतं.

इतिहास आणि शासन हे वेगवेगळे धडे आहेत असं आपण मुलांच्या मनावर ठसवून ठेवलं आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथं आहे. पुस्तकाच्या पुढच्या भागात लढे, मागच्या भागात संस्था. लढ्यांतूनच त्या संस्था उभ्या राहिल्या, हा धागा मधल्या कोऱ्या पानावर तुटतो. शिक्षणाच्या हक्काचंच बघा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, अनुच्छेद २१क. परीक्षेत हे एका ओळीचं उत्तर आहे. वर्गात मला त्याला आठवडा लागायचा.

१८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात ते करून दाखवलं. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याला, तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळात, प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभरानं, मार्च १९१२ मध्ये त्यावर मतदान झालं. बाजूनं १३, विरोधात ३८. मी फळ्यावर हे दोन आकडे लिहायची आणि थांबायची. मुलं म्हणायची, “हरले?” हो, हरले. आणि हरणार हे त्यांना आधीच माहीत होतं. आमच्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागणार, अशा आशयाचं ते त्याच सभागृहात बोलले होते. पुढं १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. १९५० च्या घटनेत अनुच्छेद ४५ आला, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं, दहा वर्षांत करण्याचा प्रयत्न करू या शब्दांत. त्या दहाची पन्नास झाली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती, २००९ साली कायदा आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल. मी तेव्हा शिकवत होते. गोखल्यांच्या विधेयकापासून त्या तारखेपर्यंत ९९ वर्षं होतात, ही वजाबाकी मी मुलांनाच करायला लावली. एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, म्हणजे मी शाळेत येतो हा माझा हक्क आहे का सक्ती?” त्यावर तासभर चर्चा चालली. त्यात शेवटी मुलांच्याच लक्षात आलं, की सक्ती सरकारवर आहे. शाळा देण्याची, शुल्क न घेण्याची. विधेयक काय असतं, मतदान कशाला म्हणतात, मार्गदर्शक तत्त्व आणि मूलभूत हक्क यांत फरक काय, घटनादुरुस्ती का लागते, हे सगळं त्या एका गोष्टीत येऊन जातं.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली आहे. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. दुपारी मी भाकरी घेऊन जायची आणि तिथं मिळणारी सुकडी ओच्यात बांधून आणायची. आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर चीर पडलेली होती, ती शेवटपर्यंत बुजली नाही. त्या काळात आपल्या विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. काम मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरावं, हा आग्रह त्यांनी धरला. १९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. शहरात नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठी लावला. २००५ साली संसदेनं देशभरासाठी तसाच कायदा केला. वर्गात मी विचारायची, कुणाच्या आजी खडी फोडायला जायच्या? निम्मे हात वर व्हायचे. मग मी सांगायची, की तुमच्या आज्यांनी फोडलेल्या खडीचा रस्ता आधी मुंबईला गेला आणि मग दिल्लीला. राज्य आणि केंद्र यांचं नातं समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

घटना समितीबद्दल मुलांना काय ठाऊक असतं? दोन वर्षं अकरा महिने अठरा दिवस. हा आकडा सगळ्यांना येतो. एवढे दिवस तिथं काय चाललं होतं, हे कुणालाच येत नाही. मुलांना वाटतं, बाबासाहेब एकटे बसून लिहीत होते आणि बाकीचे सह्या करायला थांबले होते. बाबासाहेबांचं मोठेपण यानं उलट झाकलं जातं. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या जवळपास अडीच हजार प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि सभागृहात उभं राहून त्यांना उत्तरं देण्याचा मुख्य भार या माणसानं प्रकृती साथ देत नसताना वाहिला. हे वाद छापलेले आहेत, सगळ्यांना मोफत वाचायला मिळतात. मी त्यातला एक दिवस दरवर्षी वर्गात उभा करायची, १७ ऑक्टोबर १९४९. समितीचे एक सदस्य ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली, की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी असावी. मी अर्ध्या वर्गाला बाजूनं तयारी करायला सांगायची, अर्ध्याला विरोधात. ज्यांच्या घरी रोज पूजा होते त्या मुलांना मी मुद्दाम विरोधी बाजू द्यायची आणि ती आश्चर्य वाटावं इतकं चांगलं बोलायची. श्रद्धा ज्याची त्याची, ती सगळ्यांवर लादायची कशी, हा मुद्दा खुद्द घटना समितीतही आला होता. मग आम्ही हात वर करून मतं मोजायचो. त्यानंतर मी खरा निकाल सांगायची. बाजूनं ४१, विरोधात ६८. दुरुस्ती पडली. हरलेल्या कामतांनी घटना नाकारली नाही. त्याच सभागृहात ते पुढंही बोलत राहिले.

माझ्या नातीला मी परवा हेच सांगितलं. ‘आम्ही, भारताचे लोक’ हे पहिले शब्द आपोआप आलेले नाहीत, त्यांच्या आधी दुसरे शब्द असावेत का यावर मतं मोजली गेली होती.

आता निवडणुकीबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण मी १९८९ पासून निवडणुकीची ड्युटी केली आहे. त्या वर्षी अठरा वर्षांच्या मुलामुलींनी लोकसभेला पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी वय २१ होतं. आपल्याकडं मतदान केंद्र कुठं असतं? शाळेत. वर्गखोलीत. मुलं ज्या बाकावर बसतात, त्याच बाकावर मतदारयादी पसरलेली असते, बोटाला शाई लावली जाते. आणि बरोबर त्याच दिवशी मुलांना सुट्टी असते. सुट्टी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात येतात, तेव्हा भिंतीला चिकटवलेला केंद्राचा क्रमांक असतो, बाकावर जांभळा डाग असतो, आणि काल इथं काय झालं हे त्यांना कुणी सांगत नाही. आपण लगेच पुढचा धडा काढतो.

मी तो दुसरा दिवस कधी सोडला नाही. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात, मोजून दाखवतात, मग ती पुसून यंत्र सील करतात. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा हिशेब ‘१७ सी’ नमुन्यात लिहून प्रतिनिधींना त्याची प्रत देतात. हे ऐकताना मुलांचे डोळे मोठे व्हायचे. मग वर्गमंत्र्याची निवडणूक आम्ही याच पद्धतीनं घ्यायचो: यादी, सही, चिठ्ठी, पेटी, प्रतिनिधी, हिशेब. एका वर्षी एक मुलगा दोन मतांनी पडला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, परत मोजा. मागणी रास्त होती. परत मोजलं, सगळ्यांसमोर, एकेक चिठ्ठी उलगडून. तेवढीच निघाली. त्यानं हिशेबाच्या कागदावर स्वतःच्या हातानं सही केली. पुढं वर्षभर वर्गात त्या निकालाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची एक गोष्ट मुलींना मी आवर्जून सांगते. १९५१-५२ ची ती निवडणूक. सतरा कोटींवर मतदार, मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. याद्या करताना लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. उत्तरेकडच्या राज्यांत हे प्रमाण मोठं होतं. आयोगानं ठरवलं, की नाव नसेल तर नोंद नाही. जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून निघाली. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा वर्ग चिडला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी एरवी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, “पण बाई, त्यांना नाव कुणी विचारलंच नसेल ना कधी.” मी पुढं काही बोलले नाही. त्या दिवसापासून हजेरी घेताना मी मुलींचं संपूर्ण नाव घ्यायला लागले.

शनिवारी आमचा प्रश्नोत्तराचा तास असायचा. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, आणि प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते. आम्हीही आठवडाभर आधी प्रश्न लेखी घ्यायचो. एकदा नववीच्या एका मुलानं मुख्याध्यापकांना प्रश्न दिला: पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? शिक्षकांच्या खोलीत जरा कुजबुज झाली. पण मुख्याध्यापक वर्गात आले, उभे राहिले आणि म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. लगेच पूरक प्रश्न आला, “मग नोंद कुठं असते?” पुढच्या सोमवारी टाकी धुतली आणि शिपाईमामांनी तिच्यावर तैलरंगानं तारीख लिहिली. मी निवृत्त झाले तेव्हाही तिथं दर तीन महिन्यांनी तारीख लिहिली जात होती.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शिक्षण विभागाला माझी विनंती आहे, की राज्यशास्त्राचे तास वेळापत्रकात इतिहासापासून वेगळे दाखवा आणि ते दुसऱ्या विषयाला देता येणार नाहीत असं लिहून ठेवा. प्रश्नपत्रिकेत ‘लोकसभेची सदस्यसंख्या किती’ याऐवजी ‘तुमच्या गावचा हा रस्ता खराब आहे, दगडाचं डोकं हिरवं आहे, अर्ज कुणाकडं कराल’ असा एखादा प्रश्न येऊ द्या. ग्रामसभा असेल त्या दिवशी आठवी-नववीची मुलं मागं बसून ऐकतील एवढी मुभा द्या. नवीन शिक्षकांना निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण मिळतंच, तेच वर्गात कसं न्यायचं याचा एक तास त्यात वाढवा. याला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडंही एक मागणं आहे. आपल्या दैनिकाची मुलांची पुरवणी निघते. तिच्यात महिन्यातून एकदा घटना समितीतला एक दिवस छापा. तारीख, विषय, कोण काय म्हणालं, मतं किती पडली. भाषा सोपी, पान अर्धं. माझ्याकडं अशा ३४ दिवसांची टिपणं वह्यांत लिहिलेली आहेत, वर्गात वापरून वापरून कडा फाटल्या आहेत, पण अक्षर लागतं. कुणाला पाठवू तेवढं कळवावं, मी स्वखर्चानं झेरॉक्स काढून पाठवते. नातीनं पहिली वही मागून नेली आहे, ती येत्या रविवारी परत येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. माण, जि. सातारा